पथ्याचे पान

वयाची साठी ओलांडली की माणसाच्या ताटावर त्याची सत्ता उरत नाही. माझ्या ताटावर आधी डॉक्टरांनी हक्क सांगितला, मग सौभाग्यवतींनी. आणि गेल्या वर्षी दोन महिने टोकियोला चिरंजीवांकडे राहिलो, तेव्हा सूनबाईंनी. तीन महिन्यांच्या साखरेचा म्हणून जो एक आकडा रक्त तपासून काढतात, तो माझा सातावर गेला आहे. पस्तीस वर्षे मी मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर आकडे लिहिले. आता माझे प्रगतिपुस्तक दर तिमाहीला घरात मोठ्याने वाचले जाते.

चिरंजीवांचे बिऱ्हाड निशी-कासाई नावाच्या भागात आहे. 2000 सालच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आपल्याकडची मंडळी तिकडे जाऊ लागली, ती बरीचशी याच भागात स्थिरावली. तो भाग ज्या एडोगावा वॉर्डात येतो, त्या वॉर्डाच्या सभेवर 2019 साली पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक निवडूनही आले. तेव्हा तूरडाळ आणि हिंग यांची ददात नव्हती. ददात सुरू होई ती घराबाहेर पडल्यावर. आम्ही उभयता शाकाहारी. तिसऱ्याच दिवशी एका दुकानात भाज्या घातलेल्या शेवयांचा वाडगा मी ओरपला आणि मनसोक्त तारीफ केली. घरी आल्यावर सूनबाईंनी हळूच सांगितले, की ते पाणी वाळवलेल्या मासळीच्या सालपटांचे असते. इथल्या बहुतेक रश्शांचा पाया तोच. त्यानंतर मी बाहेर पडताना पिशवीत दोन केळी ठेवू लागलो. केळ्याचे बरे असते. त्याला देवाने स्वतः वेष्टन घातले आहे. वरून कोणाचाही हात लागो, आतले केळे सोवळेच.

एका रविवारी चिरंजीव म्हणाले, “बाबा, आज सगळे बाहेर जेवायला जाऊ. माझ्या ऑफिसातला एक इंडोनेशियाचा मित्र आहे, त्याची आई सुराबायाहून आली आहे. तेही येतील. भारतीय करीचे दुकान आहे. तेल कमी, साय-लोणी नाही, तुमच्या साखरेलाही चालेल. आणि हलाल-फ्रेंडली आहे.”

सौभाग्यवतींनी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारले, “अहो, तिथे आपल्याला काय मिळणार?” मी त्यांना चांगलेच सुनावले. शाळेत दर वर्षी राष्ट्रीय एकात्मतेवरचे भाषण माझ्याकडेच असे; ते आयते तोंडात होते. खरे सांगायचे तर तो शब्द ऐकून माझ्याही पोटात किंचित खळबळ झालीच होती. फक्त मी पुरुष असल्यामुळे ती सौभाग्यवतींच्या तोंडून बाहेर पडली, एवढेच.

दुकान लहानसे, बारा-चौदा माणसांचे. भटारखान्यात एक नेपाळी गृहस्थ. जपानात भारतीय म्हणून जी उपाहारगृहे चालतात, त्यांतली पुष्कळशी नेपाळी मंडळीच चालवतात. भिंतीवर ताजमहाल आणि पशुपतिनाथ शेजारी शेजारी. तिखटाचे शून्य ते पाच असे क्रमांक. जपानी गिऱ्हाईक एकावर थांबते म्हणे. नान मात्र केवढा! थाळीच्या दोन्ही बाजूंनी हातभर लोंबणारा. सूनबाईंनी माझ्याकडे न बघताच मला नानाऐवजी हातसडीच्या तांदळाचा भात, पालक-हरभऱ्याची करी आणि मुळा-गाजराची कोशिंबीर मागवली.

माझा मास्तरी स्वभाव गप्प बसू देईना. मी मालकांना हिंदीत विचारले, नुसते ‘हलाल’ का नाही, ‘फ्रेंडली’ कशासाठी? गृहस्थ सरळ होते. म्हणाले, “मांस मी हलालच्याच दुकानातून आणतो. डुक्कर या घरात शिरत नाही, त्याची चरबीही नाही. भाजीची भांडी वेगळी. पण जपानी गिऱ्हाइकांसाठी बिअर ठेवावी लागते, म्हणून पक्का शिक्का मागितला नाही. खोटे कशाला सांगू?” आपल्याकडे ‘शुद्ध शाकाहारी’ असे लिहिलेल्या किती पाट्यांमागे इतका सच्चेपणा असेल, कोण जाणे.

त्यांच्याकडूनच मला कळले, की या शब्दाचा संबंध केवळ खाटकाच्या सुरीशी नाही. हलाल म्हणजे धर्माला मान्य. जपानी घरांत करीची जी तयार वडी उकळतात, तिच्यात बहुधा जनावराची चरबी असते. कित्येक पदार्थांत गोडीसाठी मिरिन नावाची तांदळाची दारू पडते. म्हणजे मुसलमान माणूस जी चरबी टाळतो ती आम्हालाही टाळायचीच होती. हलालची पाटी बघून आत शिरणारा शाकाहारी माणूस अर्धी लढाई जिंकूनच बसतो.

आणि जपानी मंडळींना पथ्यांचे नवल वाटावे असेही नाही. सन 675 मध्ये तेन्मू नावाच्या सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी केली होती. पुढे 1872 साली मेइजी सम्राटांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा कुठे लोकांची भीड चेपली. करी आली ती इंग्रजांच्या मागून. अस्सल हिंदी करी मात्र 1927 साली शिंजुकूच्या नाकामुराया या दुकानात मिळू लागली आणि तिच्यामागे होते रासबिहारी बोस! व्हाइसरॉयवरच्या बाँबच्या कटानंतर ते 1915 साली जपानात पळून आले. नाकामुरायाच्या मालकांनी त्यांना लपवले आणि आपली मुलगीही दिली. ती बिचारी 1925 साली गेली. एका फरारी क्रांतिकारकाने सासुरवाडीच्या दुकानात कोंबडीचा रस्सा शिजवायला शिकवावा, ही इतिहासाची गंमत मी शाळेत कधी शिकवली नव्हती, कारण मलाच ठाऊक नव्हती.

पण मला सांगायचे आहे ते त्या मातोश्रींबद्दल. डोक्यावर फिकट गुलाबी ओढणी, चेहरा हसरा. हात छातीशी नेऊन त्यांनी नमस्कार केला. त्यांना ना हिंदी ना इंग्रजी. मुलाने माझी ओळख करून देताना एक शब्द वापरला आणि मी चमकलो. तो शब्द होता ‘गुरू’. त्यांच्या भाषेत शिक्षकाला गुरूच म्हणतात. मग खेळच सुरू झाला. नानाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “रोटी.” साखरेला म्हणे ‘गुला’, आपल्या गुळाचाच भाऊ. उपवासाला ‘पुआसा’. सौभाग्यवती सोमवार करतात हे कळल्यावर त्या बाई इतक्या आनंदल्या, की त्यांनी सौभाग्यवतींचा हातच धरला. त्याही सोमवार आणि गुरुवार धरतात! दोघी एकमेकींच्या भाषेतले अक्षर न कळता अर्धा तास बोलत होत्या.

बोलता बोलता मुलाने हसत हसत सांगितले, की आई आठ दिवस नुसत्या फळांवर आहे. कशात काय पडले असेल या धास्तीने बाहेर काही खातच नाही. बाईंनीही हसून पर्स उघडली आणि आत काय आहे ते आम्हाला दाखवले. दोन केळी.

सगळे हसले. माझे हसू मात्र अर्ध्यावर राहिले.

मी मिरजेचा. शाळेत माझ्या बाकावर जो मित्र बसे, त्याच्या घरी सतार करण्याचा धंदा होता. तो सुमार 1965-66 चा. दुपारी भोपळ्यांच्या आणि लाकडाच्या वासात आम्ही गणिते सोडवीत असू. ईदेला त्याच्या घरी सगळी मुले शिरखुर्म्याचे वाडगे घेऊन बसत, आणि त्याची आई माझ्यापुढे केळे ठेवी. कोणी न सांगता! आमच्या घरचा धर्म तिने आमच्यापेक्षा जास्त सांभाळला. शिवाय त्या दिवशी आमच्याकडे शेवया, खारीक, साखर असा कोरा शिधा पाठवी. माझी आई तोंडभरून “कशाला हो एवढे” म्हणे, आणि तो शिधा संध्याकाळी मोलकरणीच्या पदरात पडे. दिवाळीला मित्र आमच्याकडे येई. फराळाचे त्याला ओटीवर मिळे. त्याचा कानतुटका कप खिडकीच्या वरच्या फळीवर असे. एकदा तहान लागली तेव्हा तो सवयीने उठला, स्वतःच तो कप काढला आणि पाणी पिऊन, विसळून परत तिथेच ठेवला. मी बघत होतो. मी काही बोललो नाही. बारा वर्षांचा होतो हे खरे. पण पंचविसाव्या वर्षीही बोललो नव्हतो.

जेवण संपल्यावर मालकांनी आपणहून सगळ्यांपुढे लहान लहान वाट्या ठेवल्या. दुधातल्या शेवया, साखर नाही, खजुराची गोडी. त्या बाईंनी मुलाकडे पाहिले, त्याने मान हलवली, तशी त्यांनी वाटी उचलली. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, खजूर म्हणजेही साखरच हं.” मी वाटी संपवली. तळाशी राहिले होते तेही बोटाने पुसून घेतले. सौभाग्यवती माझ्याकडे पाहत राहिल्या. पण त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

मिरजेला मी त्यानंतर महिन्याने फोन केला. नंबर मिळवायला चार दिवस लागले. बोलणे होऊन तेरा वर्षे झाली होती. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. कारखाना मुलगा बघतो, गुडघे दुखतात, डोळ्याचे ऑपरेशन झाले. मी म्हटले, “या ईदेला तुझ्याकडे येणार आहे. शिरखुर्मा खायला.”

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग तो खो खो हसला.

“मास्तर, उशीर केलास की लेका! मला साखर निघून सहा वर्षं झाली. सूनबाई घरात शिरखुर्म्याला हात लावू देत नाही. पण तू ये. केळी आणून ठेवतो.”