गेम खेळा, पण आधी टीपॉय हलवा

व्हिडिओ गेम म्हटलं की सोफ्यात रुतून बसलेला आणि जेवायला दहा हाका माराव्या लागणारा मुलगा आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण काही गेम याच्या अगदी उलट असतात. तिथे बसून चालतच नाही. टेनिस खेळायचं तर खरंच हात फिरवायचा, बॉक्सिंग खेळायचं तर खरंच ठोसे मारायचे. हातातला कंट्रोलर कधी रॅकेट होतो, कधी तलवार. यांना मोशन कंट्रोल गेम म्हणतात. निनटेंडो कंपनीच्या 'वी'मुळे २००६ पासून ते घराघरांत पोचले. २०१० मध्ये प्लेस्टेशन मूव्ह आणि कायनेक्ट आले, २०१७ मध्ये स्विच आला.

आमच्या बडोद्याच्या घरात असा गेम आला तो गेल्या दिवाळीत. दादा-वहिनी बंगळुरूहून आले, ते येताना स्विच घेऊन आले. त्यांची आठ वर्षांची लेक आणि आमची शहात्तर वर्षांची आजी, म्हणजे तिची पणजी, एकाच खोलीत होत्या. मग घरात एकच प्रश्न उभा राहिला: कुणालाही न लागता हे खेळायचं कसं?

आमचा हॉल म्हणजे मैदान नव्हे

हे गेम परदेशातल्या जाहिरातींत मोठ्या, मोकळ्या खोल्यांत खेळताना दिसतात. आपल्या हॉलमध्ये दिवाण असतो, काचेचा टीपॉय असतो, शोकेस असते आणि डोक्यावर पंखा असतो. कायनेक्टसाठी एका माणसाला कॅमेऱ्यापासून साधारण ६ फूट आणि दोघांना ८ फूट अंतर ठेवायला सांगितलं जायचं. आमच्याकडे ८ फूट मिळाले ते टीपॉय बेडरूममध्ये नेल्यावरच.

दादाने सोपी युक्ती केली. खेळणाऱ्याने हात पसरून स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची. हात कुठेच लागला नाही, वर आणखी एक पाऊल जागा उरली, तरच खेळायचं. दोघं असतील तर दोघांनी एकाच वेळी गिरकी घ्यायची. पुतणीला ही गिरकी गेमइतकीच आवडली.

पंख्याचं मात्र आपल्याला सुचत नाही. उंच माणसाने हात वर करून उडी मारली किंवा मुलं दिवाणावर चढून खेळू लागली, तर हात थेट पात्यापर्यंत जाऊ शकतो. म्हणून आमच्याकडे दिवाणावर उभं राहून खेळायला बंदी आहे आणि उड्यांच्या खेळाला पंखा बंद असतो. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून खेळायचं नाही. पायाखालची सतरंजीही गुंडाळून ठेवायची, कारण ती पायाबरोबर सरकते. पायात वायरी येऊ द्यायच्या नाहीत. फ्लॅटमध्ये राहत असाल तर रात्री उड्यांचे गेम नकोतच, खालच्या काकूंनाही झोप हवी असते!

मनगटावरची दोरी

कंट्रोलरसोबत मनगटात अडकवायची एक दोरी मिळते. बहुतेक जण ती डब्यातच ठेवतात. पण या दोरीला इतिहास आहे. २००६ मध्ये 'वी' बाजारात आल्यावर लोक इतक्या जोराने हात फिरवू लागले की दोऱ्या तुटून कंट्रोलर हातातून उडाले आणि काहींचे टीव्ही फुटले. तेव्हा निनटेंडोने सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून दिल्या. नवी दोरी अधिक जाड होती. पुढच्या वर्षी कंट्रोलरसाठी मऊ सिलिकॉनचं आवरणही मोफत दिलं.

मुळात इतका जोर लागतच नाही. कंट्रोलरच्या आतले सेन्सर हात किती वेगाने आणि कोणत्या बाजूला वळला हे मोजतात. त्यामुळे मनगटाच्या नेटक्या हालचालीनेही चेंडू छान जातो. हात घामेजला की मात्र थांबून पुसावा.

खांद्यालाही मर्यादा असते

२००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात २९ वर्षांच्या एका तरुण डॉक्टरची गोष्ट छापून आली होती. रविवारी सकाळी उठल्यावर त्याचा उजवा खांदा भयंकर दुखत होता. दुखापत झालेली नव्हती, व्यायामही केलेला नव्हता. नंतर उलगडा झाला: त्याने नवा 'वी' आणून कितीतरी तास टेनिस खेळलं होतं. या दुखण्याला गमतीने 'वीआयटिस' असं नाव मिळालं.

खऱ्या मैदानावर आपण दमतो आणि थांबतो. इथे हातात वजन नसतं, त्यामुळे दमल्याचं उशिरा कळतं. म्हणून आधी पाच मिनिटं खांदे, मनगटं, मान मोकळी करावी. तासाभरात १० ते १५ मिनिटं विश्रांती घ्यावी. कुठे दुखलं, मुंग्या आल्या तर खेळ तिथेच बंद. घरात कुणाला फिट्स येत असतील तर चमकणाऱ्या स्क्रीनबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नये. एरवीही खोलीतला दिवा चालू असावा.

आणि आजीचं काय?

आजी मागच्या वर्षी न्हाणीघरात पडली होती. मनगट मोडलं होतं, दीड महिना प्लास्टर होतं. त्यामुळे बाबांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "आई, तू नुसतं बघ." वहिनीनेही समजावलं, "आजी, तुम्ही टाळ्या वाजवा." आजी दोन दिवस टाळ्या वाजवत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पडले होते मी, मेले नव्हते. मला कुणी विचारलं का, खेळायचंय का म्हणून?"

घर एकदम गप्प झालं. बाबांची भीती खोटी नव्हती. या वयात पुन्हा पडणं परवडणारं नव्हतं. पण आजीचं म्हणणंही खरं होतं. सुरक्षितता म्हणजे एखाद्याला कोपऱ्यात बसवणं, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. शेवटी आईने आजीच्या फिजिओथेरपिस्टना फोन केला. त्यांनी सांगितलं: उभं राहायचं नाही, हातांच्या भक्कम खुर्चीत बसून, बऱ्या हाताने, दहा मिनिटं खेळू द्या.

मग भिंतीला टेकवून खुर्ची ठेवली. बोलिंग निवडलं, कारण त्यात धावपळ नसते आणि प्रत्येकाची पाळी येते. आजीच्या पहिल्या चेंडूने चार पिना पाडल्या. तिसऱ्या दिवशी तिने बाबांना हरवलं!

आता दादाचं कुटुंब सुट्टीत आलं की पहिल्यांदा टीपॉय आत जातो, सतरंजी गुंडाळली जाते, खुर्ची भिंतीला लागते. पुतणी घाईघाईने कंट्रोलर उचलते आणि खुर्चीतून आवाज येतो, "दोरी घातलीस का गं?"