दोरी नसलेला पतंग

पतंग कोणाच्याही घरावर खुशाल उडावा. त्याचे भय वाटत नाही. दोरीचा माग धरून पाहत गेले, की दुसऱ्या टोकाला शेजारचा एखादा बंड्या सापडतोच. आई हाक मारते, तो दोरी गुंडाळतो, आणि आकाश पुन्हा रिकामे होते.

ड्रोनचे तसे नाही. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या जालना जिल्ह्यात आणि शेजारच्या बीडमध्ये रात्री गावांवरून ड्रोन फिरताना दिसू लागले. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीवरील ड्रोनचा प्रश्न विधानसभेतही निघाला. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या एका आजींनी गच्चीवरचे अंथरूण खाली आणले. मी म्हटले, "आजी, एवढेसे यंत्र ते, काय करणार?" त्या म्हणाल्या, "काही करत नसंल मास्तर, पण बघतंय की!"

पुढे माझी एक जुनी विद्यार्थिनी कृषी महाविद्यालयात गेली. आवारातल्या तुरीची ड्रोनने पाहणी करण्याचा प्रयोग तिच्या मनात होता. प्राचार्यांना द्यायचा अर्ज लिहिण्याचे काम अर्थातच मास्तराकडे आले, आणि मी २०२१ ची सरकारी नियमावली वाचायला बसलो.

मोठी नेटकी नियमावली! वजनाप्रमाणे ड्रोनच्या पाच जाती. धाकटी २५० ग्रॅमपर्यंतची, थोरली १५० किलोंवरची. आकाशाचे तीन रंग. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून शिरायचे नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाला विचारायचे, आणि हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत मात्र बंधने अधिक. एरवी ड्रोनला नोंदणीचा क्रमांक लागतो. पण मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेने हिरव्या भागात, स्वतःच्या आवारात, संशोधनासाठी तो उडवला, तर क्रमांकही नको आणि चालकाचे प्रमाणपत्रही नको. कायद्याने विद्यार्थ्यांवर इतका विश्वास टाकलेला पाहून माझ्यातला मास्तर सुखावला.

पण अर्ज लिहिताना आजींचे शब्द आठवले. या नियमांनी वजन मोजले, उंची मोजली, अंतर मोजले. नजर कोणत्या मापाने मोजायची? ड्रोन कुंपणाच्या आत राहिला, तरी त्याचा डोळा मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर आणि पलीकडच्या वस्तीच्या अंगणात सहज उतरतो. क्रमांक ही ड्रोनची दोरीच म्हणायची. आवारात ती सोडून दिली, तर दुसरी कोणीतरी वळायला नको का?

म्हणून अर्जाच्या शेवटी मी चार अटी घातल्या. ड्रोन कधी उडणार ते आदल्या दिवशी फळ्यावर लिहावे व ग्रामपंचायतीला कळवावे. उडवणाऱ्याने सर्वांना दिसेल असे उभे राहावे. वसतिगृहाकडे व वस्तीकडे कॅमेरा वळवू नये. दिवस मावळल्यावर उडवू नये.

तिने अर्ज वाचला. "सर, यांतले बरेचसे नियमावलीत नाही."

"म्हणून तर ते तुम्ही आपणहून पाळायचे."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग माझ्याच लेखणीने तिने खाली पाचवी अट लिहिली: पहिल्या दिवशी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलावून, ड्रोनला वरून काय दिसते ते पडद्यावर दाखवावे.