जुवांवची उडी

परवा रात्री फुटबॉलचा सामना बघत बसलो होतो. समालोचक एकदा ‘इव्हान’ म्हणून ओरडला, थोड्या वेळाने ‘हुआन’ म्हणून, आणि माझं खेळातलं लक्षच उडालं. हे दोघे तर नामबंधू! मग चाळाच लागला. जॉन, ज्याँ, जोव्हानी, यान, शॉन, आर्मेनियातला होव्हानेस, अरबीतला याह्या. सगळ्यांच्या मुळाशी हिब्रूतला योहानान. यहोवाची कृपा झाली, म्हणून. आपल्या देवदत्ताच्याच भावकीतला.

मराठी बायबलात तो योहान. त्यातल्या बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या बारशाची गोष्ट मला फार आवडते. जखऱ्या आणि अलीशिबा, दोघंही उतारवयाची. मूल होणार, या देवदूताच्या बोलण्यावर जखऱ्याचा विश्वास बसेना, तर त्याची वाचाच गेली. पुढे मुलगा झाला, आठव्या दिवशी गोतावळा जमला आणि बापाचंच नाव ठेवायला निघाला. आई म्हणाली, योहान. हे नाव तुमच्या घराण्यात कुणाचं आहे, म्हणून सगळ्यांनी मोडता घातला. (आत्याबाई सगळीकडे सारख्याच.) जखऱ्याने पाटी मागवली, तेच नाव लिहिलं आणि त्याला बोलता येऊ लागलं. कुराणात तर अल्लाच सांगतो की याह्या हे नाव याआधी आम्ही कुणाला दिलं नव्हतं.

11व्या शतकात इटलीतल्या ग्विदो द आरेत्सो या साधूने पाश्चात्त्य संगीतातल्या स्वरांना नावं दिली, तीही याच योहानाच्या स्तोत्रातून. मुक्या झालेल्या बापाचा मुलगा!

पोर्तुगिजांबरोबर तो गोव्यात उतरला आणि जुवांव झाला. 24 जून हा त्याचा जन्मदिवस, म्हणजे सांजावचा, संत जुवांवचा सण. गरोदर अलीशिबेला भेटायला येशूची आई मरिया आली तेव्हा पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली. तीच उडी गोंयकार विहिरीत मारतात. पाऊस नुकता स्थिरावलेला, विहिरींचं पाणी वर आलेलं. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल, घुमटाचा ठेका, ‘विवा सांजाव’चा गजर करत टोळी वाड्यावाड्यातून हिंडते आणि दिसेल त्या विहिरीत धपाधप उड्या पडतात. काठावरून कुणी अननस टाकतं, कुणी फेणीची बाटली. बुडी मारून काढील त्याची. नव्या जावयाचा पहिला सांजाव सासुरवाडीला. आपण अधिक महिन्यात जावयाला अनारसे देऊन मोकळे होतो. इथे मान घ्यायचा, पोटभर जेवायचं आणि वर विहिरीत उडीही मारायची. शिवोलीला तर नदीत सजवलेल्या होड्या निघतात.

हल्ली हा सण हॉटेलांच्या तरणतलावातही होतो. निळ्या फरशीवर, क्लोरीनच्या पाण्यात, तिकीट काढून. मला नाही पटत. कठड्याला शेवाळ हवं, तळ दिसता कामा नये आणि ‘सांबाळ रे पुता’ म्हणून ओरडणारी एखादी म्हातारी तरी काठावर हवीच.