कागदाचा ताण

लांकडी सांगाडा उभा राहिला म्हणजे विमान झालें, असें पाहणारास वाटतें. पण बाल्सा लांकडाच्या चिमुकल्या विमानाचा खरा जन्म त्यावर कागद चढतो त्या दिवशीं होतो. इक्वाडोरकडून येणारें हें लांकूड इतकें हलकें, कीं नुसता पंख दोन बोटांनीं पिळतां यावा. कागद आवळला म्हणजे तोच पंख ताठ होतो.

आमच्या घरीं हा उद्योग पुतण्यानें आणिला आणि त्यांत रमलों मात्र आम्ही! कागदाचे तंतू कोणत्या दिशेनें धांवतात तें आधीं पाहावें व ती दिशा पंखाच्या लांबीशीं जुळवावी; कारण तंतूंच्या आडव्या दिशेस कागद अधिक आकसतो. कडांना पातळ खळ लावून तो सुरकुती न पडेल असा, पण न ओढतां, चिकटवावा. मग पाण्याचा बारीक फवारा. ओला कागद लोंबूं लागतो आणि नवशिक्याचें धैर्यहि त्याबरोबर खचतें. पण वाळतां वाळतां तो आपोआप आवळतो व टिचकी मारतांच तबल्याच्या पुडीसारखा बोलतो. शेवटीं ‘डोप’ नांवाच्या पातळ रोगणाचा हात दिला, म्हणजे पावसाळी हवेंत सैल पडण्याची भीति कमी होते.

मात्र हाच ताण घातकहि आहे. तो एका अंगास अधिक पडला तर पंख पिळवटतो व विमान गिरक्या घेत जमिनीवर आदळतें. म्हणून पंख वाळेपर्यंत सपाट फळीवर टांचण्यांनीं धरून ठेवावा लागतो.

पुतण्याचें दहावीचें वर्ष आलें, तेव्हां वडील बंधूंनीं हा पसारा माळ्यावर टाकण्याचा हुकूम सोडला. मुलावर ताण हवा, हें आम्हांसहि मान्य होतें. ढिल्या पंखानें कोण उडालें आहे? पण आम्ही त्यांस आल्फोन्स पेनोची हकीकत सांगितली. या फ्रेंच तरुणानें १८७१ सालीं पॅरिसच्या त्विलेरी बागेंत रबराच्या पिळावर चालणारें छोटें विमान ११ सेकंद उडविलें. पुढें १८७६ सालीं त्यानें माणसें वाहणाऱ्या विमानाचा आराखडा केला. त्यास द्रव्यसाहाय्य मिळालें नाहीं. १८८० सालीं, अवघ्या तिसाव्या वर्षीं, निराशेच्या भरांत त्यानें आपला अंत करून घेतला. ताण देणारे हात पुष्कळ असतात. वाळेपर्यंत खालीं राहणारी फळी एखाद्यासच लाभते.

बंधु कांहींच बोलले नाहींत. रविवारचा एक तास मात्र पुतण्याकडे राहिला.