दुधी काचेतली सुरत

सुरत म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम शिवछत्रपतींची १६६४ ची स्वारी उभी राहते. वर्गात इतिहास शिकविताना मीही वर्षानुवर्षे तीच सुरत मुलांपुढे उभी केली. वास्तविक सुरत हे माझे आजोळ. बालपणीच्या कित्येक सुट्ट्या नानपुऱ्यातील मामांच्या ओट्यावर गेल्या. त्यामुळे हे शहर आपल्या पूर्ण परिचयाचे आहे, असा माझा समज होता. तो गेल्या जानेवारीत फिल्मच्या चार तुकड्यांनी दूर केला.

मामांनी सुरतेतील एका स्टुडिओत उभी हयात काढली. त्यांचा स्वतःचा लाकडी कॅमेरा दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या स्वाधीन केला. ‘माझा हात आता थरथरतो. तुझ्याकडे असू दे,’ एवढेच म्हणाले. कॅमेरा केरळातील आलप्पुझाचा, के. करुणाकरन यांच्या कारखान्यात घडलेला. सागवानी चौकट, पितळी खिट्ट्या, कातडी भाता, आणि नाव ‘वागीश्वरी’! मराठीच्या अध्यापकाला सरस्वतीचे हे नाव पाहून वेगळाच आनंद झाला. मूळचा तो काचेच्या प्लेटचा. आता सुताराकडून मागची चौकट बदलून घेऊन त्यात चार इंच बाय पाच इंचांची फिल्म बसते.

या कॅमेऱ्याची रीत न्यारी. प्रत्येक चित्राला फिल्मचा स्वतंत्र तुकडा. तो मिट्ट काळोखात, कडेच्या खाचा बोटाने चाचपून, होल्डरमध्ये सरकवायचा. एका होल्डरच्या दोन बाजूंना दोन तुकडे. डोक्यावर काळे कापड घेतले की मागच्या दुधी काचेवर समोरचे दृश्य उलटे उमटते. वरचे खाली, उजवीकडचे डावीकडे. माझ्या भिंगाला झडप नाही. हाताने झाकण काढायचे, मनात सेकंद मोजायचे आणि झाकण पुन्हा लावायचे. उटीच्या कारखान्याची ‘इंदू’ फिल्म मामांनी पुष्कळ वापरली. तो कारखाना आता बंद पडला. फिल्म विलायतेहून येते आणि शिक्षकाच्या खिशाला जड जाते. म्हणून दोन होल्डर, चार फिल्म्स, एवढाच शिधा बांधून मी सुरतेच्या गाडीत बसलो.

सुरतेचे आणि या कलेचे नाते तसे जुने आहे. बडोद्याच्या कलाभवनाची उभारणी करणारे रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास गज्जर मूळचे सुरतेचे. त्या कलाभवनात त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके १८९० मध्ये दाखल झाले आणि तेथेच त्यांना छायाचित्रणाची गोडी लागली. पुढे त्यांनी गोध्र्यात स्टुडिओ काढला. म्हणजे मराठी चित्रपटसृष्टीच्या आद्य पुरुषाला घडविण्यात एका सुरतेच्या गृहस्थाचा हात होता. ‘आपण सुरत लुटली, सुरतेने आपल्याला फाळके दिले,’ असे मामा मोठ्या मिस्किलपणे म्हणतात.

पहिली फिल्म किल्ल्यासाठी होती. चौकबाजाराजवळचा, तापीकाठचा हा किल्ला सोळाव्या शतकात खुदावंदखानाने बांधला. १६६४ मध्ये सुरतेचा सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात दडला होता. महापालिकेने अलीकडे त्याचा जीर्णोद्धार केला आहे. सूर्योदयापूर्वी तिपाई उभी केली. काचेवर बुरूज छताला टांगल्यासारखे लोंबत होते. छिद्र बारीक करून आठ सेकंद मोजले. तेवढ्यात समोरून दूधवाले गेले, फिरायला निघालेली जोडपी गेली, झाडूवाली बाई गेली. पुढे फिल्म धुतली तेव्हा त्यांतील एकही त्यात नव्हते! बुरुजाचा दगड न् दगड स्पष्ट आणि रस्ता निर्मनुष्य. जे स्थिर होते तेच राहिले. चालती माणसे पुसली गेली. मला माझा इतिहासाचा तास आठवला. त्यातही किल्ला होता, सुभेदार होता, स्वारी होती. पण त्या चार-पाच दिवसांत ज्यांची घरे जळाली ती सुरतेची माणसे माझ्या फळ्यावर कधी आलीच नव्हती.

तेथून कतारगामला गेलो. येथे इंग्रज आणि डच यांची जुनी दफनभूमी आहे. संरक्षित वास्तू असल्याने तिपाईसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधीच काढली होती. ख्रिस्तोफर ऑक्झेंडन १६५९ मध्ये वारला, त्याचा भाऊ सर जॉर्ज १६६९ मध्ये. स्वारीच्या वेळी इंग्रजांची वखार नेटाने राखणारा तो हाच जॉर्ज. दोघा भावांवरची ही दुमजली, घुमटांची कबर लांबून पाहणाऱ्याला एखाद्या मुसलमान उमरावाचीच वाटावी. उंच वास्तू टिपताना कॅमेरा वर कलवला तर भिंती मागे कोसळल्यासारख्या दिसतात. वागीश्वरीत कॅमेरा सरळ ठेवून भिंगाची फळी तेवढी वर सरकविता येते. घुमट काचेत आला, खांब ओळंब्यात उभे राहिले. मी हरखून गेलो आणि त्या भरात भिंगाचे झाकण न लावताच होल्डरची काळी पट्टी ओढली. दुसरी फिल्म क्षणात वाया गेली. दोष कोणाला देणार? विद्यार्थ्याच्या घाईवर मी आजवर किती व्याख्याने दिली असतील!

आता दोनच उरल्या. पैकी एक मामांसाठी ठेवलेली. तिसरी ऑक्झेंडनला दिली, आणि मग डच दफनभूमीत व्हान ऱ्हेडेच्या कबरीपुढे येऊन उभा राहिलो. हा १६९१ मध्ये वारला. मलबारातील वनस्पतींवर त्याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्या कामी साहाय्य करणाऱ्या रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोंकणी वैद्यांचे प्रमाणपत्र त्या ग्रंथात देवनागरी लिपीत छापलेले आहे. केरळातला कॅमेरा आणि केरळाचा हा ग्रंथकर्ता असे समोरासमोर आलेले पाहून चौथ्या फिल्मचा मोह अनावर झाला. होल्डर हातात घेतलाही होता. मग तो पिशवीत ठेवला, काळे कापड डोक्यावर घेतले आणि दहा मिनिटे नुसते काचेत पाहत राहिलो. ती वास्तू आजही मला कोपऱ्याकोपऱ्यासह आठवते.

दुपारी नानपुऱ्यात मामींनी पोंकाचे वडे पुढे ठेवले. मामांचे वय शहाऐंशी. मामेभावाने अडाजणला फ्लॅट घेतला आहे. दिवाळीनंतर दोघे तिकडे राहायला जाणार आणि हे घर विकले जाणार. मामांना ओट्यावर, लाकडी खांबाशी बसविले. स्टुडिओत पूर्वी गिऱ्हाईकाची मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावीत, ते सांगून ते हसले. ‘मला तर सबंधच बांधावे लागेल.’ मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, ‘मी श्वास सोडीन. तो संपला की झाकण काढ.’ मी दोन सेकंद मोजले. आयुष्यात इतके लांब सेकंद मी मोजले नव्हते.

पंधरा दिवसांनी निगेटिव्ह घेऊन पुन्हा गेलो. मामांनी ती कडेने धरून खिडकीच्या उजेडात बराच वेळ न्याहाळली. खांबावरची नक्षी होती, दाराचे कडीकोयंडे होते, चेहरा होता, चष्म्याची काडीसुद्धा होती. मांडीवरच्या उजव्या हाताच्या जागी मात्र नुसता धूर होता. मला तो धूरही खरा वाटत होता, आणि तसे मी म्हणणार होतो. पण मामा जन्मभर स्टुडिओत राबलेले.

‘घर झकास आले आहे. चेहराही धरलास. हात गेला,’ ते म्हणाले. ‘दोन सेकंद कशाला? छिद्र थोडे उघडायचे, अर्ध्या सेकंदात उरकायचे. पुन्हा ये. दिवाळीच्या आत ये.’

होल्डर भरून तयार आहेत. या खेपेला चारही फिल्म्स नानपुऱ्यासाठी आहेत.