आजीची साक्ष

माझ्या आईचा जीव वाचला तो तिच्या सासूमुळे. हे सांगितलं की लोकांना पटकन पटत नाही.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं. वडील गलाईच्या धंद्यात. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, त्यांतलेच ते. यात्रेला आणि दिवाळीला घरी यायचे आणि आले की मारझोड सुरू व्हायची. भाकरी जाड झाली, आई शेजारणीशी बोलत उभी राहिली, एवढं कारण पुरायचं.

एका यात्रेत आईचा हात मोडला. त्या रात्री आजीनं ज्वारीच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद वर काढले. आईचा शाळेचा दाखला, माझा जन्मदाखला, घडी घातलेल्या थोड्या नोटा. रोज त्याच कणगीतून ज्वारी काढणाऱ्या आईला त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे आजीनं ही तयारी आधीच करून ठेवली होती. ‘‘पहाटेच्या एसटीनं इट्याला जा. हितं ऱ्हायलीस तर मरशील,’’ एवढंच ती बोलली.

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात, माहेरी राहून, आई यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरू लागली. पोटगीचा दावा लावला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली तेव्हा महिन्याला 500 रुपयांच्या वर पोटगी मिळतच नसे. ती मर्यादा 2001 मध्ये उठली. भावकीतल्यांनी साक्ष दिली, सून पायरीवरून घसरली. मग आजी उभी राहिली. ‘‘खोटं कशाला बोलू? माझ्या पोरानंच मारलंय तिला. मी बघितलंय.’’

पुढे मी समुपदेशनाचं काम करू लागले, तेव्हा मीना शेषू आणि वसुधा भोसले यांचा 1990 चा अहवाल हाती आला. सांगली जिल्ह्यातल्या बायकांचे मृत्यू आणि नवऱ्यानं टाकलेल्या बायका, असे दोन्ही विषय त्यांनी एकत्र अभ्यासले होते. कासेगावच्या इंदूताई पाटणकर आणि त्यांच्या सोबतिणींनी परित्यक्तांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला, तोही याच जिल्ह्यात. अहवाल वाचताना आई या दोन्हींतल्या कुठल्या बाजूला जाऊ शकली असती हे लख्ख दिसलं, आणि आजीनं तिला कुठून ओढून काढलं हेही.

याच कामात मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांचा अभ्यासही वाचला. हवाईतल्या कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या मुलांचा त्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, आजारपण अशा घरांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट, समजूतदार माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. पुष्कळदा ते आजी-आजोबा असत. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. पण अशा माणसाला काय मोजावं लागतं, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही आणि ते मला सलतं. साक्षीनंतर वडिलांनी आजीशी बोलणं टाकलं. भावकीनं लग्नकार्याला तिला बोलावणं बंद केलं. स्वतःच्याच घरात ती वेगळी चूल मांडून राहिली. आईला कोर्टानं मंजूर केलेली पोटगी कधी यायची, कधी नाही. आजीचं एकटेपण मात्र एकदाही चुकलं नाही.

शेवटच्या आजारपणात आईनं तिला विट्याला आणलं. तिचे पाय चेपता चेपता आई विचारायची, ‘‘आत्याबाई, भीती नाही वाटली तवा?’’ आजी म्हणायची, ‘‘वाटली की. लई वाटली.’’

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास एक चतुर्थांश जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. 26 ऑक्टोबर 2006 पासून घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा लागू आहे. राहत्या घरावरचा बाईचा हक्क तो मानतो. आजीच्या वेळी हा कायदा नव्हता. पण बंद दारामागचं सिद्ध करायला आजही बहुधा बघणारं माणूस लागतं. म्हणून समोर बसलेल्या बाईला मी पहिल्याच भेटीत विचारते, ‘‘तुमच्या सासरी खरं कोण बोलेल?’’ बाई जरा थांबते. मग बहुतेक वेळा एखादं नाव निघतं. थोरली जाऊ, धाकटा दीर, कधी सासूच. त्या माणसाला भेटायला आम्ही जातो, आणि या साक्षीनंतर तुमच्यामागे कोण उभं राहणार, हे तिथं बसूनच ठरवतो.