माउथ ऑर्गनवरचा कंप

माउथ ऑर्गनवर स्वर दोन तऱ्हांनी थरथरतो. आवाज लहानमोठा होत राहिला की तो ट्रेमोलो. स्वरच खालीवर झुलला की व्हिब्रॅटो.

ट्रेमोलो जातीच्या वाद्यात हा कंप बनवतानाच घातलेला असतो. एका स्वराला दोन पत्त्या, वरच्या ओळीत एक आणि खालच्या ओळीत एक. त्यांतली एक किंचित चढी लावतात. एक सेकंदाला ४४० कंपनांवर आणि दुसरी ४४५ वर असेल, तर सेकंदाला ५ डोल ऐकू येतात. आवाज भरदार आणि गोड लागतो, म्हणून २४ छिद्रांचा हा नमुना नवशिक्यांना आवडतो. पण डोलाचा वेग वादकाच्या हाती नसतो. शिवाय इथे प्रत्येक पत्ती स्वतंत्र खणात बसते, त्यामुळे स्वर वाकवणे जवळजवळ अशक्यच.

१० छिद्रांच्या डायटॉनिकमध्ये फुंकीची आणि ओढीची पत्ती एकाच खणात असते. श्वास ओढताना जीभ मागे घेऊन तोंडातली पोकळी बदलली, की दुसरी पत्तीही हलू लागते आणि स्वर खाली सरकतो. काही छिद्रांवर तो अर्ध्या स्वराहून अधिक उतरतो. हीच क्रिया हलकी आणि लयीत केली की खरा व्हिब्रॅटो मिळतो. क्रोमॅटिकवर बहुतेक छिद्रांना हवा अडवणाऱ्या पातळ झडपा असतात; तिथे स्वर वाकतो, पण थोडाच.

कंपाचे आणखी तीन उगम आहेत. हाताचा सगळ्यांत सोपा : डाव्या पंजात वाद्य, उजवा पंजा उघडमीट करतो. त्याने मुख्यतः आवाजाचा जोर आणि पोत बदलतो. लांब वाद्य पंजात मावत नाही, म्हणून २४ छिद्रांवर हा परिणाम फिका पडतो. पोटातून दिलेले श्वासाचे धक्के संथ लयीला बरे. घशाचा कंप सर्वांत अवघड. हलके खोकताना घसा जिथे मिटतो, तिथेच तो घडतो, आणि स्वर आधी थोडा वाकवलेला असेल तर उंचीही झुलते. घाई केली तर मात्र नुसती बकरीची बेंबे होते.

आंजी (मोठी)सारख्या वर्ध्याकडच्या गावांत भजनाला वाजणारी पेटी, म्हणजे हार्मोनियम, माउथ ऑर्गनसारखीच मुक्त पत्तीच्या कुळातली. पेटीची पत्ती भात्याच्या हवेवर वाजते, तोंडाची पोकळी तिला लागत नाही. म्हणून मींड आणि आंदोलन तिच्यावर निघत नाहीत. याच उणिवेवर बोट ठेवून आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती. डायटॉनिक ही उणीव बरीचशी भरून काढते, ट्रेमोलो नाही.

हिंदी चित्रपटांनी माउथ ऑर्गनचा सूर मराठी घरांत पोचवला. ‘सोलवा साल’ (१९५८) आणि ‘दोस्ती’ (१९६४) मध्ये माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजवला, ‘शोले’ (१९७५) मध्ये भानू गुप्ता यांनी.

केवळ गाण्यांच्या चाली वाजवायच्या असतील, तर ट्रेमोलो पुरतो. स्वर झुलवायला शिकायचे असेल, तर पहिले वाद्य १० छिद्रांचेच घ्यावे.